मासेमारीच्या लहान गावात दोघांचा निवांत आणि स्वस्त मुक्काम: तारीख ठरवण्यापासून परत निघेपर्यंत

मासेमारीच्या गावात सुट्टी घालवायला गेलेल्या जोडप्यांची पहिली तक्रार बहुधा पहाटे चारला सुरू होते. समुद्र समोर दिसतो म्हणून हौसेने घेतलेली खोली नेमकी धक्क्याच्या डोक्यावर असते. खाली डिझेलची इंजिनं धडधडतात, बर्फाच्या लाद्या फुटतात, टेम्पो मागे घेताना ओरडाआरडा होतो. दुसरी तक्रार दुपारची: फोटोतला रुंद पांढरा किनारा कुठे गेला? तो तिथेच असतो, फक्त भरतीच्या पाण्याखाली.

खरं तर अशी गावं दिवसाचे बरेच तास विलक्षण शांत असतात, आणि पर्यटनाच्या मोठ्या गावांपेक्षा तिथे राहणं-खाणं बरंच कमी खर्चाचं पडतं. मात्र ते गाव स्वतःच्या कामाच्या घड्याळावर चालतं, आणि ते घड्याळ समुद्र, चंद्र आणि वारा ठरवतात. ते आधी वाचता आलं तर निवांतपणा आणि काटकसर दोन्ही साधतात. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. क्रम शक्यतो मोडू नका. आधी खोली आणि मग तारीख, असं उलटं केलं की पुढची बरीच गणितं चुकतात.

१. आधी चंद्र बघा, मग रजा टाका

ही पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून तिच्यावर जरा थांबू या.

चंद्राचा दिवस सुमारे २४ तास ५० मिनिटांचा असतो. त्यामुळे बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीनंतर दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, आणि रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा पाऊण-एक तासाने पुढे सरकते. सात दिवसांत हा फरक सहा तासांच्या आसपास जातो. म्हणजे आज संध्याकाळी सहाला पूर्ण ओहोटी असेल, तर पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच सुमाराला पूर्ण भरती असेल. एकाच गावात आठवड्याच्या अंतराने गेलेल्या दोन जोडप्यांना दोन वेगळे किनारे दिसतात ते यामुळे.

अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास, बहुधा एक-दोन दिवस नंतर, उधाण येतं. तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि ओहोटीला खूप लांब जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते. तेव्हा चढ-उतार कमी. आणखी एक कामाची गोष्ट: कुठल्याही एका गावात उधाणाची पूर्ण ओहोटी दर खेपेला साधारण त्याच घटकेला येते. त्यामुळे त्या गावाचं एका महिन्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक नीट वाचलं, की पुढच्या महिन्यांचा अंदाज तिथीवरूनच बांधता येतो.

आता तुम्हाला दोघांना काय हवं आहे ते ठरवा.

संध्याकाळी लांबवर चालायचं असेल तर ज्या दिवसांत पूर्ण ओहोटी सूर्यास्ताच्या आधी तासभर ते नंतर अर्धा तास या वेळात येते ते दिवस निवडा. ओली, घट्ट वाळू चालायला मिळते. भरतीच्या वेळी उरते ती वरची कोरडी, भुसभुशीत पट्टी, आणि तिच्यात पाय रुतून दहा मिनिटांत पोटऱ्या भरून येतात.

पोहायचं किंवा नुसतं पाण्यात बसायचं असेल तर सपाट किनाऱ्यावर मध्यापासून भरतीपर्यंतचे तास बरे. ओहोटीला तिथे गुडघाभर पाणी गाठायलाच बरंच चालावं लागतं, आणि खाडीजवळ चिखल उघडा पडतो.

चांदण्यात बसायचं असेल तर पौर्णिमा. त्या दिवशी चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो, पुढे रोज उशीर होत जातो. उलट आकाशगंगा बघायची असेल तर अमावस्येच्या अलीकडचे-पलीकडचे चार दिवस घ्या. किनाऱ्यावर दिवे कमी असल्याने लहान गावात अंधार खराखुरा मिळतो.

शांतता सर्वांत महत्त्वाची असेल, तर गावातल्या होड्या दिवे लावून मासे पकडतात का, एवढं विचारून ठेवा. दिव्यांकडे मासा अंधाऱ्या रात्रीच नीट खेचला जातो, म्हणून अशा होड्या पौर्णिमेच्या आसपास बऱ्याचदा काम थांबवतात. त्या चार-पाच रात्री धक्का थंड असतो.

इथे तीन चुका हमखास होतात. पहिली: वेळापत्रक जवळच्या मोठ्या बंदराचं असतं, तुमच्या गावाचं नव्हे. खाडीच्या आतल्या गावात भरती कितीतरी उशिरा पोहोचते. गावातल्या माणसाला फरक विचारून घ्या. दुसरी: परदेशात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, वेळापत्रकात तो तास धरला आहे का, ते बघा. तिसरी: सगळीकडे दिवसातून दोन भरत्या येतात असं धरून चालणं. मेक्सिकोच्या आखाताच्या काही भागांत दिवसाला एकच भरती येते. भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर चढ-उतार इतका कमी असतो की या पायरीचा विचार सोडून दिला तरी चालेल. कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात मात्र हा फरक १६ मीटरपर्यंत जातो. अशा ठिकाणी वेळापत्रक खिशात नसेल तर किनाऱ्यावर उतरूच नका.

२. गर्दीच्या हंगामाची कड पकडा

सर्वांत स्वस्त दिवस भर हंगामाबाहेर मिळतात, पण तेव्हा समुद्र खवळलेला आणि खानावळी बंद असण्याची शक्यता असते. दोघांसाठी सोयीचे आठवडे म्हणजे गर्दी सुरू होण्याआधीचे दोन-तीन आणि संपल्यानंतरचे दोन-तीन. हवा जवळपास तीच असते, मालकांकडे खोल्या रिकाम्या असतात. त्यातही रविवारी दुपारी पोहोचून बुधवारी किंवा गुरुवारी निघा. रविवारी संध्याकाळी गाव रिकामं होताना दिसतं, ते दृश्यही बघण्यासारखं असतं.

मुक्काम किमान तीन रात्रींचा ठेवा. दोन रात्रींत पहिला अर्धा दिवस पोहोचण्यात आणि शेवटचा निघण्यात जातो, हाती उरतो एकच दिवस. तोही ढगाळ निघाला तर सहल वाया. शिवाय तीन रात्रींवर दर कमी करायला मालक सहज तयार होतात, कारण चादरी धुणं आणि खोली झाडणं एकदाच करावं लागतं.

मासेमारीला बंदी असलेला काळही तपासा. बऱ्याच किनाऱ्यांवर माशांच्या प्रजननाच्या काळात काही आठवडे किंवा महिने मोठ्या होड्या बंद असतात. इंजिनांचा आवाज नसतो, पण त्याच दिवसांत होड्या ओढून डागडुजी चालते: ठोकाठोकी, घासकाम, रंगाचा वास. ताजी मासळीही कमी. मासे खाणं हा तुमच्या सहलीचा मोठा भाग असेल तर हे दिवस टाळा.

३. गाव निवडताना उपग्रहाचं चित्र उघडा

जाहिरातीतल्या फोटोंपेक्षा उपग्रहाच्या चित्रात जास्त सत्य सापडतं. चार गोष्टी शोधा.

नदी किंवा खाडी कुठे मिळते? तिच्या तोंडाशी पाणी गढूळ आणि ओहोटीला वेगाने बाहेर धावणारं असतं. होड्यांना आसरा मिळतो म्हणून गाव बहुधा तिथेच वसलेलं असतं. तुम्हाला हवा तो किनारा खाडीपासून थोडा लांब, चित्रात पाणी निळं-हिरवं दिसतं तिथे.

होड्या कुठे आहेत? काही गावांत त्या धक्क्याला लागतात आणि पुळण मोकळी राहते. काही गावांत धक्का नसतो, होड्या थेट वाळूवर ओढतात. दुसऱ्या प्रकारच्या गावात किनारा हीच कामाची जागा असते: दोरखंड, जाळी, माशांचे अवशेष. देखणं असतं, पण तिथे अंग टाकून पडता येत नाही.

मासे वाळत घालायची जागा कुठे? उघड्यावर लांब ओळी किंवा चौकोन दिसले तर तीच. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, म्हणून वास वाळवणीच्या मागच्या, गावाच्या बाजूला जातो. राहण्याची जागा त्या रेषेत नको.

आणि किनाऱ्याचं तोंड कुठे? पश्चिमेला असेल तर सूर्यास्त पाण्यावर, पूर्वेला असेल तर सूर्योदय. वेगळी सांगायची गरज नाही इतकी ही साधी गोष्ट, तरी ‘सनसेट’ नावाच्या खोल्या पूर्वेच्या किनाऱ्यावरही विकल्या जातात.

४. खोली: धक्क्यापासून पंधरा मिनिटं

धक्क्यापासून साधारण एक ते दीड किलोमीटर, म्हणजे पंधरा-वीस मिनिटं चालण्याइतकं अंतर ठेवा. त्याहून जवळ असाल तर पहाटेचा आवाज येतो. त्याहून फार लांब गेलात तर जेवायला जायला दर वेळी वाहन लागतं आणि खोलीच्या दरात वाचवलेले पैसे तिथे जातात. मध्ये डोंगराची सोंड किंवा झाडांचा पट्टा असेल तर अर्धा किलोमीटरही पुरतो, कारण आवाज अडतो. पाणी मात्र आवाज अडवत नाही. खाडीपलीकडच्या खोलीत समोरच्या धक्क्यावरचं बोलणंही स्पष्ट ऐकू येतं.

बर्फाचा कारखाना ही विसरली जाणारी गोष्ट. त्याचा कॉम्प्रेसर रात्रभर चालतो. होड्यांचा गोंगाट तासा-दीड तासात संपतो, हा घरघराट संपत नाही.

मासेमारी करणाऱ्या कुटुंबाने घरातल्या एक-दोन खोल्या देणं, हा बहुतेक गावांतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला पर्याय. घरचं जेवण, भरतीची खात्रीची माहिती, आणि रात्री दार वाजवणारं कोणी नाही. अडचण एकच: भिंती पातळ आणि घर त्यांचं. दोघांना एकांत हवा असेल तर खोलीला वेगळं दार आणि स्वतंत्र न्हाणीघर आहे का, हे स्पष्ट विचारा. संकोच करू नका, त्यांनाही हा प्रश्न नवा नसतो.

५. फोन करून काय विचारायचं

आधी ऑनलाइन दर बघा, मग शक्य असेल तिथे मालकाला थेट फोन करा. आरक्षणाची संकेतस्थळं मालकाकडून प्रत्येक मुक्कामावर दलाली कापतात. ती वाचत असल्याने थेट बोलणाऱ्याला थोडा कमी दर किंवा सकाळची न्याहारी मिळू शकते. घासाघीस फार ताणू नका. ‘तीन रात्री राहणार आहोत, रविवार ते बुधवार, तुमचा काय दर होईल?’ एवढं पुरे.

हे प्रश्न मात्र सोडू नका:

- समुद्र खिडकीतून दिसतो, गच्चीतून दिसतो, की चालत गेल्यावर दिसतो? पलंगाजवळ उभं राहून खिडकीबाहेरचा छोटा व्हिडिओ मागा.
- पहाटे होड्या किती वाजता सुटतात, आणि खोलीत आवाज येतो का?
- दुपारी किंवा रात्री वीज जाते का? गेली तर पंखा चालतो का?
- पाणी गोडं आहे की मचूळ? आंघोळीला गरम पाणी कधी मिळतं?
- जाळीची खिडकी किंवा मच्छरदाणी आहे का?
- फाटक रात्री किती वाजता बंद होतं?
- आम्ही दोघं आहोत. कोणती ओळखपत्रं लागतील?
- आगाऊ रक्कम किती, आणि हवामान बिघडल्यामुळे येता आलं नाही तर ती परत मिळते की पुढच्या तारखेला वळते?

शेवटच्या दोन उत्तरांची लेखी नोंद हवी. फोन झाल्यावर ‘आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे’ असं लिहून तारीख, दर, रात्री आणि अटी संदेशातून पाठवा आणि त्यावर होकार घ्या. दारात उभं राहून वाद घालायची वेळ येत नाही.

६. कागदपत्रं

- दोघांचंही छायाचित्र असलेलं सरकारी ओळखपत्र, मूळ प्रत. एकाचंच नेणं ही सर्वांत जास्त होणारी चूक.
- परदेशी असाल तर पासपोर्ट आणि व्हिसा. अनेक देशांत परदेशी पाहुण्याची नोंद करणं घरमालकाला बंधनकारक असतं. लहान घरांकडे ती सोय नसेल तर ते ऐनवेळी नकार देतात, म्हणून आधीच विचारा.
- प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स. गावात झेरॉक्सचं दुकान दुपारी बंद असतं असं समजूनच चाला.
- आगाऊ रकमेची पावती आणि होकाराचा संदेश, मोबाइलमध्ये नेटशिवाय उघडेल असा जपून ठेवलेला.
- परतीचं तिकीट.

लग्न न झालेल्या जोडप्यांनी देशाचा कायदा आणि मालकाचा नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवावं. काही देशांत कायद्यानेच अडचण येते. बऱ्याच ठिकाणी कायद्याची आडकाठी नसते, तरी मालक खोली नाकारतो. दोन्हींची चौकशी निघण्याआधी करा. रात्री नऊ वाजता, शेवटची बस गेल्यावर, हा विषय निघू देऊ नका.

७. पैसे कुठे वाचतात, कुठे वाचवू नयेत

एकूण रकमेचे ढोबळ भाग असे पाडा: राहण्याला चाळीस टक्के, प्रवासाला पंचवीस, जेवणाला पंचवीस, उरलेले दहा अडीअडचणीला. राहण्याचा खर्च निम्म्यावर जाऊ लागला तर खोली बदला, जेवणावर गदा आणू नका.

खरी बचत शेवटच्या टप्प्यात असते. मोठ्या स्थानकापासून गावापर्यंतचे शेवटचे वीस-तीस किलोमीटर खासगी गाडीने गेलात तर कधीकधी तिथे मुख्य प्रवासाहून जास्त पैसे जातात. गावाकडे जाणारी शेवटची बस किंवा तर (खाडीपार नेणारी होडी) किती वाजता सुटते, हे विचारा आणि मुख्य प्रवासाचं तिकीट त्यावरून काढा. ही होडी ओहोटीत बंद राहते का, हेही विचारायचं राहू देऊ नका.

रोख रक्कम दोन दिवस पुरेल एवढी, सुट्ट्या नोटांत, दोघांच्या खिशात विभागून ठेवा. लहान गावात एटीएम एखादंच असतं आणि सुट्टीच्या दिवसांत रिकामं होतं. होडीवाला, मासळीवाला आणि चहावाला यांच्याकडे नेटवर्क असेलच असं नाही.

वाचवू नये ती रक्कम: होडीतून फिरताना दोन जीवरक्षक जॅकेटं, अंगावर बांधलेली. जॅकेट नाही म्हणून कमी पैशांत नेतो असं कोणी म्हणालं तर ती फेरी सोडून द्या.

८. पोहोचल्यावर पहिला तास

उजेडात पोहोचा. सामान सोडायच्या आधी नळ, पंखा, कडी आणि खिडकीचा खटका तपासा. खोली बदलून मागायची असेल तर हीच वेळ. मग दिवे बंद करून मोबाइलची विजेरी हळूहळू फिरवत आरसा, घड्याळ, धुराचा सूचक आणि चार्जर बघा. लपवलेल्या कॅमेऱ्याची काच ठिपक्यासारखी चमकते. सर्वच कॅमेरे असे सापडतात असं नाही, तरी दोन मिनिटांत मनाला बरंच स्वास्थ्य मिळतं. दारात अडकवायला रबराची पाचर सोबत असू द्या. स्वस्त खोल्यांची कडी बऱ्याचदा नावापुरती असते.

त्यानंतर घरातल्या माणसाला एकच प्रश्न विचारा: ‘इथे कुठे उतरू नये?’ त्याचं उत्तर कुठल्याही फलकापेक्षा मोलाचं. आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करू नका.

९. पाण्यात उतरण्यापूर्वी

मासेमारीच्या लहान गावात जीवरक्षक नसतो असंच धरा. जिथे असतो तिथे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधला भाग पोहण्याचा. एक लाल झेंडा म्हणजे धोका मोठा, दोन लाल म्हणजे पाण्यात जायला बंदी, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे डसणारे जीव.

आत ओढणारा प्रवाह, ज्याला रिप करंट म्हणतात, तो ओळखायला शिका. दहा मिनिटं उंचावर उभं राहून लाटा बघा. सगळीकडे लाटा फुटत असताना मधेच एक पट्टा गडद, सपाट आणि शांत दिसतो, फेस तिथून बाहेरच्या दिशेने जातो. नवख्याला तोच भाग सुरक्षित वाटतो आणि तो तिथेच उतरतो. किनाऱ्यावर चढलेलं पाणी नेमकं त्याच वाटेने परत जात असतं, कधीकधी सेकंदाला दोन मीटरहून जास्त वेगाने. त्या वेगाला ऑलिंपिकचा पोहणाराही पुरा पडत नाही. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. पाठीवर तरंगा, हात वर करून हाक द्या, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर या. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, लांब नेतो. बुडतो तो दमलेला माणूस.

जोडप्यांसाठी एक गोष्ट फार कळकळीने सांगायची आहे. एक जण ओढला गेला की दुसरा विचार न करता उडी मारतो, आणि मग दोघंही अडकतात. आधीच ठरवून ठेवा: बाहेरच्याने पाण्यात जायचं नाही. रिकामा पाण्याचा मोठा डबा, जॅकेट, दोर, जे तरंगेल ते फेकायचं, आरडाओरडा करून होडीवाल्यांना बोलवायचं आणि आतल्यावरची नजर हलू द्यायची नाही. हे बोलणं खोलीत बसून करा. वाळूवर पोहोचल्यावर राहून जातं.

हवेने भरलेली रिंग किंवा गादी घेऊन सकाळी लवकर पाण्यात जाऊ नका. रात्रभर आणि पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पाणी काचेसारखं शांत दिसतं आणि रिंग हळूच बाहेर सरकत जाते. समुद्राकडून येणारा वारा सकाळ वर आल्यावर सुरू होतो.

खडकांच्या टोकापलीकडचा छोटा, निर्जन किनारा दोघांना खुणावतोच. तिथे ओहोटी पूर्ण व्हायच्या तास-दीड तास आधी निघा आणि ओहोटी पूर्ण होताच परत फिरा. भरती एकसारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढ तीन मीटरचा असेल तर पहिल्या तासात साधारण २५ सेंटिमीटर, दुसऱ्यात ५०, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी ७५, पाचव्यात ५० आणि सहाव्यात पुन्हा २५. पहिला तास ‘अजून वेळ आहे’ असं वाटायला लावतो. तिसऱ्या तासात परतीची वाट गेलेली असते.

धक्क्याजवळ, खाडीच्या तोंडाशी आणि होड्यांच्या वाटेवर पोहू नका. इंजिन चालवणाऱ्याला पाण्यातलं डोकं दिसत नाही. तरंगणारे गोळे, प्लास्टिकचे डबे किंवा झेंड्या दिसल्या तर खाली जाळं किंवा दोर आहे असं समजा. होड्या उतरवायच्या उतारावरचं हिरवं शेवाळ बर्फासारखं निसरडं असतं. होडी आणि खुंटी यांच्यामधला वाळूवर पडलेला दोर ओलांडू नका. लाटेबरोबर तो झटक्यात ताणला जातो. चपला कायम पायात हव्यात, कारण वाळूत गळ पुरलेले असतात.

डंख झाला तर: जेलीफिश असल्यास समुद्राच्याच पाण्याने धुवा, धागे चिमट्याने काढा, चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. लघवीचा उपाय निरुपयोगी आहे. व्हिनेगर उत्तर ऑस्ट्रेलियातल्या बॉक्स जेलीफिशवर वापरतात, पण सगळ्या जातींना ते चालत नाही, म्हणून गावात विचारूनच लावा. पाकटाचा किंवा काटेरी माशाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश सेल्सिअस, पाय ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाललात तर पाकट आधीच बाजूला होतो. श्वास लागणं, छातीत दुखणं किंवा उलट्या सुरू झाल्या तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

१०. लिलाव बघायचा, मासळी घ्यायची

होड्या परत कधी येतात ते आदल्या संध्याकाळी विचारा. उथळ बंदरात त्या भरतीबरोबरच आत येऊ शकतात, म्हणून वेळ रोज सरकते. लिलाव काही मिनिटांत आटोपतो. बोली मोठ्या ढिगांवर आणि क्रेटवर लागते, दोघांपुरता मासा तिथे मिळत नाही. कडेला उभं राहा, मासळीला हात लावू नका, बोलीच्या वेळी हात वर करू नका, माणसांचे फोटो विचारून काढा. लिलाव संपला की बाजूलाच किरकोळ विक्री सुरू होते, तिथून घ्या आणि मुक्कामाच्या घरी शिजवून द्यायला सांगा. मजुरी आधी ठरवा.

ताज्या माशाचे डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, आणि मांस दाबल्यावर लगेच वर येणारं असतं. बांगडा, ट्यूना असे मासे बर्फाशिवाय उन्हात पडलेले असतील तर घेऊ नका. त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि शिजवूनही ते जात नाही; चेहरा लाल होणं, खाज, डोकेदुखी हे त्याचे परिणाम. उष्ण प्रदेशातल्या प्रवाळ खडकांवरच्या मोठ्या शिकारी माशांत सिग्वाटेराचं विष असू शकतं, तेही शिजवून नष्ट होत नाही. कुठला मासा गावकरी स्वतः खात नाहीत, हे विचारा. बंदराच्या भिंतीवरचे शिंपले हौसेने काढून खाऊ नका. डिझेल आणि सांडपाणी त्यांतून गाळलं जात असतं.

११. पिशवीत काय हवं

कानात घालायचे बोळे, विजेरी, चपलांचा जादा जोड, चिमटा, जंतुनाशक, पट्ट्या, उलटी-जुलाबाची औषधं, क्षारांची पुडी, कपडे वाळत घालायचा दोर, एक पातळ चादर. उन्हासाठी एसपीएफ ३० किंवा जास्तीचं मलम. पूर्ण अंगाला एका माणसाला एका वेळी सुमारे ३० मिलिलिटर लागतं आणि ते दर दोन तासांनी, शिवाय पाण्यातून आल्यावर पुन्हा लावायचं. म्हणजे १०० मिलिलिटरची नळी दोघांना एक दिवसही पुरत नाही. लांब बाह्यांचे सुती कपडे घातले तर मलम निम्मं लागतं. सावलीत बसलात तरी पोळता, कारण कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस २५ टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो.

१२. निघायच्या दिवशी

आदल्या रात्री हिशेब चुकता करा. सकाळी मालक होडीवर किंवा बाजारात असू शकतो, आणि पावती व उरलेली सुट्टी रक्कम द्यायला घरात कोणी नसतं. ओले कपडे वेगळ्या पिशवीत भरा. मिठाचं पाणी बसलेली पिशवीची चेन आणि कॅमेरा ओल्या फडक्याने पुसून मगच बंद करा. पहिली बस चुकली तर दुसरी कधी, हे रात्रीच विचारून ठेवा. आणि सकाळी शेवटचं एकदा पाण्यात उतरायचं असेल तर त्या दिवसाची भरतीची वेळ पुन्हा बघा. पोहोचलात त्या दिवशीची वेळ आता अडीच-तीन तासांनी पुढे गेलेली असते.